चालते यंत्र बदलावे केव्हा?

श्रोतेहो, विहिरीवरचे इंजिन बिनतक्रार चालत असताना ते काढून नवे बसवावे का, हा प्रश्न आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला काही नवा नाही. मोट गेली, ऑइल इंजिन आले. इंजिन गेले, विजेची मोटर आली. प्रत्येक वेळी घरात दोन मते पडलीच. वडीलधारी माणसे म्हणाली, "चालतंय ते चालू द्या." तरुण मंडळी म्हणाली, "शेजारच्या मळ्यात बसवली, आपणही बसवू." विचार केला तर दोन्ही बाजूंची कारणे कच्ची होती. जुने आहे म्हणून ठेवायचे, हे काही कारण नव्हे, आणि नवे आहे म्हणून आणायचे, हेही कारण नव्हे. मग पक्के कारण कोणते? आज आपण ते आपल्याच शिवारात उभ्या असलेल्या एका मोठ्या यंत्राच्या उदाहरणाने शोधणार आहोत.

नारायणगावच्या पूर्वेला खोडद गाव आहे. तिथल्या महाकाय तबकड्या आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. ती रेडिओ दुर्बीण. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे तिला 'जीएमआरटी' म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. एकूण तबकड्या ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एक किलोमीटरच्या चौरसात आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरांचा. स्वरूपांनी या तबकड्यांना पत्रा न लावता ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवली. त्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी पडते आणि पैसाही वाचतो.

ही दुर्बीण डोळ्याने पाहायची नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ती टिपते. प्रत्येक तबकडीने टिपलेला संदेश काचतंतूच्या तारेतून खोडदच्या एका इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक तबकडीचा इतर प्रत्येक तबकडीशी मेळ घातला जातो. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. तीस मुलांनी प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले तर एकूण किती हस्तांदोलने होतील? ३० गुणिले २९, भागिले २, म्हणजे ४३५. खोडदच्या यंत्राला अशा ४३५ जोड्यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. तेव्हा कुठे आकाशाचे चित्र तयार होते.

२००२ च्या सुमारास ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली आणि उत्तम काम करू लागली. तरी दहा-बारा वर्षांच्या आत तिच्यात मोठा बदल करण्याचे काम सुरू झाले. चालते यंत्र! मग हात का लावला?

याचे उत्तर तुमच्या घरातल्या रेडिओवरून समजेल. रेडिओची सुई एका जागी असली की एकच केंद्र ऐकू येते. बाकीची केंद्रे त्या वेळी बोलत असतातच, पण आपल्याला ती ऐकू येत नाहीत. खोडदची जुनी यंत्रणा एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी ऐकू शकत असे. पट्टी जितकी रुंद तितका अधिक मंद आवाज पकडता येतो, मात्र त्याचा हिशेब वर्गमुळाने करायचा. पट्टी ३२ वरून ४०० झाली, म्हणजे साडेबारा पट वाढली, तर संवेदनक्षमता साडेबाराच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे साडेतीन पट वाढते. हेच बळ तबकड्या वाढवून मिळवायचे म्हटले असते तर ३० च्या जागी शंभराहून अधिक तबकड्या उभ्या कराव्या लागल्या असत्या!

म्हणजे अडचण तबकड्यांत नव्हती. लहरी भरपूर येत होत्या, पण पुढचा पाट अरुंद होता. म्हणून तबकड्या आहेत तशा ठेवल्या. बदलले ते तबकडीच्या तोंडाशी लहर पकडणारे भाग, त्यामागचे ग्राहक, काचतंतूवरची साधने आणि शेवटी आकडेमोड करणारी यंत्रणा. मोटर दहा अश्वशक्तीची आणली आणि पाट पूर्वीचाच वीतभर ठेवला, तर पाणी बांधावरून फुटून जाते. पाट नुसता वरच्या अंगाला रुंद करून भागत नाही, तो शेवटच्या वाफ्यापर्यंत रुंद करावा लागतो. खोडदला तसाच तो केला.

आता त्या आकडेमोडीकडे वळू. ४०० मेगाहर्ट्झची पट्टी नीट मोजायची तर दर सेकंदाला ८० कोटी वेळा माप घ्यावे लागते. प्रत्येक तबकडीकडून दोन प्रवाह येतात, म्हणजे एकंदर ६० प्रवाह. ८० कोटी गुणिले ६० केले की दर सेकंदाला ४,८०० कोटी आकडे होतात. एवढे आकडे गिळून त्यांचा मेळ घालणार कोण? सुरुवातीला खोडदला याच कामासाठी घडवलेल्या चिपांचे यंत्र होते. पुढे २०१० च्या सुमारास साधे संगणक एकमेकांना जोडून तेच काम प्रोग्रामने होऊ लागले. रुंद पट्टीसाठी मात्र तेही अपुरे पडणार होते. तेव्हा एक वेगळीच वस्तू मदतीला आली. ती म्हणजे संगणकातले ग्राफिक्स कार्ड.

ग्राफिक्स कार्डाचा जन्म आकाश अभ्यासण्यासाठी झालेला नाही. पडद्यावर हलती चित्रे भराभर काढण्यासाठी ते बनले. आपल्याच पुणे जिल्ह्यात बारामतीला वैमानिकांचे शिक्षण चालते. अशा शिक्षणात, आणि घरी हौसेनेही, संगणकावर 'खोटे विमान' चालवता येते. त्याला 'फ्लाइट सिम्युलेटर' म्हणतात. समोरच्या पडद्यावर धावपट्टी, डोंगर, ढग दर सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने काढावे लागतात आणि पडद्यावर ठिपके असतात लाखो. प्रत्येक ठिपक्याचे गणित सोपे व एकसारखे, पण संख्या अफाट. कांद्याची लागण करताना आपण काय करतो? एक हुशार हिशेबनीस रानात उभा करून उपयोग नाही. तिथे वीस बाया एका ओळीत बसतात आणि एकच क्रिया सगळ्याजणी एकदम करतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हिशेबनीस, आणि ग्राफिक्स कार्ड ही लागणीची ओळ. खोडदच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार नेमके याच जातीचे असल्यामुळे विमानाच्या चित्रांसाठी घडलेले कार्ड आकाशाच्या अभ्यासाला कामी आले.

पण हिशेबनिसाने ओळीला काम सांगायचे कसे? मध्ये मुकादम लागतो. संगणकात हा मुकादम म्हणजे एक ठरवून दिलेली भाषा. ओपनजीएल नावाची अशी भाषा १९९२ पासून आहे. हा जुना मुकादम भला माणूस. बरीच कामे न सांगता स्वतःच करतो आणि चुकाही सांभाळून घेतो. पण तो हुकूम घेतो एकाच खिडकीवर, एकामागून एक. २०१६ साली व्हल्कन नावाचा नवा मुकादम आला. तो अनेक खिडक्यांवर हुकूम घेतो, पण स्वतःहून काही सांभाळत नाही. कुठे काय ठेवायचे, कोणते काम आधी, कोणते नंतर, हे सगळे प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच बिनचूक सांगायचे.

तेव्हा सिम्युलेटर बनवणाऱ्यांपुढे आपला विहिरीवरचाच प्रश्न उभा राहिला. जुन्या भाषेतला प्रोग्राम चालतो आहे, मग सगळा नव्याने लिहावा का? याचे उत्तर, गाडे अडते कुठे, यावर आहे. ओळ रिकामी बसून हुकमाची वाट पाहत असेल, तर नवा मुकादम आणल्याने काम झपाट्याने होईल. पण ओळीतल्या बायाच आधीच घामाघूम झाल्या असतील, तर मुकादम बदलून काय होणार? विहिरीचे झरेच आटले असतील, तर मोठी मोटर विहीर लवकर कोरडी करते, भिजणारे रान काही वाढत नाही.

एक्स-प्लेन नावाच्या प्रसिद्ध सिम्युलेटरने २०२० साली हा बदल केला. त्यांनी दोन गोष्टी शहाणपणाच्या केल्या. त्या आवृत्तीत जुनी भाषा लगेच काढून टाकली नाही, वापरणाऱ्याला निवड ठेवली. शिवाय इतर लोकांनी जुन्या भाषेत बनवलेली जोडसाधने बंद पडू नयेत, अशीही सोय केली. मालकाने घर बदलले म्हणून भाडेकऱ्याला रस्त्यावर काढायचे नसते.

खोडदलाही हेच पथ्य पाळले गेले, आणि तिथे ते पाळणे जास्त कठीण होते. जगभरच्या शास्त्रज्ञांना दुर्बिणीवर वेळ नेमून दिलेला असतो. "दुरुस्तीसाठी चार वर्षे बंद" अशी पाटी लावणे शक्य नव्हते. म्हणून काचतंतूवर जुन्या संदेशाला धक्का न लावता नव्या संदेशासाठी प्रकाशाच्या वेगळ्या लांबीची वाट काढली. जुनी यंत्रणा चालू ठेवली आणि तिच्याशेजारी नवी उभी केली. त्यामुळे दोन्ही यंत्रणांची उत्तरे ताडून पाहता आली. नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने शास्त्रज्ञांच्या हाती दिली आणि २०१९ पर्यंत काम पुरे झाले.

बदलाची किंमत पडली नाही असे मात्र समजू नका. पट्टी रुंद केली की नको ते आवाजही आत येतात. पूर्वी अरुंद खिडकी शांत जागी धरता येत असे. आता मोबाइलचे मनोरे, प्रक्षेपणे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळ्यांचा गोंगाट आकाशाच्या कुजबुजीत मिसळतो. तो गाळण्यासाठी नवी साधने व नवे प्रोग्राम करावे लागले. दुसरी किंमत अशी, की ग्राफिक्स कार्डे लवकर जुनी होतात. खोडदची कार्डे एन्व्हिडिया कंपनीची आहेत, आणि एका कंपनीच्या कार्डासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर तसाच चालत नाही. नवे यंत्र घेताना आपण ते नुसते विकत घेत नाही, त्याच्या घराण्याशी सोयरीक जोडतो, हे लक्षात ठेवावे.

मग एवढे करून पदरात काय पडले? विश्वातल्या हायड्रोजन वायूतून १,४२० मेगाहर्ट्झच्या आसपास एक अत्यंत मंद लहर निघते. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकांकडून ती आपल्यापर्यंत येईतो तिची कंपने कमी झालेली असतात. जितकी दीर्घिका दूर, तितकी लहर पट्टीवर खाली सरकलेली. एकेका दूरच्या दीर्घिकेची लहर इतकी क्षीण, की वेगळी ऐकूच येत नाही. पण हजारो दीर्घिकांच्या लहरी एकत्र करून त्यांची सरासरी काढली तर? त्यासाठी वेगवेगळ्या जागी सरकलेल्या लहरी एकाच वेळी टिपणारी रुंद पट्टी हवी. २०२० साली आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी सुधारलेल्या दुर्बिणीने हेच केले. साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांची सरासरी काढून, सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हा वायू किती होता, ते त्यांनी मोजले. तारे या वायूपासूनच घडतात. पुढच्या काळात विश्वात नवे तारे घडण्याचा वेग का मंदावला, हे समजायला त्या मोजमापाने मोठी मदत झाली. जुन्या ३२ मेगाहर्ट्झच्या पट्टीत ते साधले नसते.

पक्के कारण ते हेच. यंत्र जुने झाले म्हणून खोडदला बदल झाला नाही. विचारायचा प्रश्न मोठा झाला आणि यंत्राचा एक भाग त्याला पुरेना, म्हणून बदल झाला. तोही पुरेना तेवढ्याच भागाचा.

शाळेत नवा संगणक घ्यावा की जुन्यावर भागवावे, याचा विचार शिक्षकबंधूंनी याच रीतीने करावा. जुन्या संगणकावर प्रश्नपत्रिका छापल्या जातात, निकाल लागतो आणि तेवढेच काम असेल, तर विक्रेता काहीही सांगो, पैसा ग्रंथालयाला द्यावा. पण मुलांना जे शिकवायचे ते त्या यंत्रावर होतच नसेल, तर जपून ठेवलेले यंत्र मुलांचे नुकसान करते आहे. घ्यायचे ठरले, तर नवे नीट चालू लागेपर्यंत जुने भंगारात देऊ नये, आणि जुन्या यंत्रातली मुलांची माहिती नव्यात उतरली की नाही, हे स्वतः पाहावे. शेतकरीबंधूंनी मोटर बदलण्यापूर्वी उन्हाळ्यातले झरे मोजावेत आणि पाट शेवटच्या वाफ्यापर्यंत चालून पाहावा.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, खोडदला विज्ञानप्रदर्शन भरत आले आहे आणि आपल्या तालुक्यांतली मुले तिथे जातात. या खेपेस मुलांना नेलेत, तर तबकड्या दाखवून झाल्यावर तिथल्या मंडळींना एक प्रश्न विचारायला सांगा: "यातले तुम्ही काय बदलले, आणि काय मुद्दाम बदलले नाही?"