सलामीचं आवरण आणि चिकनची पन्नी

गोंदिया म्हटलं की धान, राईस मिल आणि मुंबई–हावडा मार्गावरचं जंक्शन आठवतं. मटण-चिकनच्या बाबतीत हा जिल्हा अजूनही ताज्याचा भोक्ता आहे. कोंबडी डोळ्यांसमोर कापून घ्यायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटणाच्या दुकानापुढे रांग लावायची, घरी सावजी मसाल्याची तर्री उकळायची. पण आता शहरातल्या मोठ्या दुकानांच्या डीप फ्रीजरमधून चिकन सॉसेज आणि सलामीही घरात येतात आणि मुलांच्या डब्यात जातात. अख्खी सलामी ज्या घट्ट, चकचकीत नळीत मिळते, ती नळी बहुस्तरीय प्लास्टिकची असते. धंद्यात तिला केसिंग म्हणतात. मांस त्या नळीत नुसतं बांधलेलं नसतं, ते तिच्यातच शिजलेलं असतं.

हे कळलं की लोकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, प्लास्टिकात शिजवलं म्हणजे विषच. दुसरा म्हणतो, कंपनी शिजवते तर आपण पन्नीत शिजवायला काय हरकत? दोघंही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक जास्त महागात पडू शकते.

गैरसमज: ती नळी म्हणजे आतडं, कोणत्या जनावराचं कोण जाणे.

ही शंका निराधार नाही, फक्त प्लास्टिकच्या नळीला ती लागू होत नाही. आवरणं चार जातींची असतात. सगळ्यांत जुनं म्हणजे शेळी-मेंढी किंवा डुकराचं साफ केलेलं आतडं. गोव्याचा शोरीस आजही तसाच भरतात आणि वाळवतात. हे आवरण मांसाबरोबर खाल्लं जातं. दुसरं कोलॅजनचं, तेही बहुधा खाण्याजोगं. ते जनावराच्या कातडीच्या आतल्या थरातून काढतात आणि हे जनावर बहुतेकदा गाय-बैल वर्गातलं असतं. ज्यांना धर्मामुळे किंवा श्रद्धेमुळे याचा विचार करावा लागतो, त्यांनी खरी चौकशी इथे करावी. पाकिटावर ग्राहक सेवेचा संपर्क दिलेला असतो, तिथे सरळ विचारावं. तिसरं सेल्युलोजचं, म्हणजे वनस्पतीच्या तंतूंपासून केलेलं. शिकागोच्या अर्विन फ्रॉइंडने १९२५ च्या सुमारास ते बाजारात आणलं. आपल्याकडची बारीक, सालीविना दिसणारी सॉसेजं बहुधा अशा नळीत शिजवून कारखान्यातच सोललेली असतात. चौथं प्लास्टिकचं. ते खायचं नसतं, सोलून टाकायचं असतं. पाकिटावरच्या तपकिरी त्रिकोणाने पदार्थ मांसाहारी आहे एवढंच कळतं, आवरण कशाचं आहे ते कळत नाही.

गैरसमज: प्लास्टिक ते प्लास्टिक. गरम झालं की सगळं विरघळतं.

बहुस्तरीय आवरण मुळात एकाच प्लास्टिकचं नसतं. नायलॉन प्राणवायू अडवतं आणि ताणाला टिकतं, पण पाणी शोषतं आणि ओलं झालं की प्राणवायू अडवण्याची त्याची ताकद कमी होते. पॉलिइथिलीनचं उलटं आहे. ते वाफ बाहेर जाऊ देत नाही, पण प्राणवायूला फारसा अटकाव करत नाही. म्हणून दोन्ही एकत्र आणतात. मात्र ही दोन प्लास्टिकं एकमेकांना चिकटत नाहीत, तेव्हा मधे चिकटवणारा तिसरा थर घालावा लागतो. असे पाच-सात थर वितळलेल्या अवस्थेतच एका तोंडातून नळीच्या आकारात बाहेर काढले जातात, मग नळी लांबीत आणि रुंदीत ताणली जाते. एवढं करून सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाएवढी.

ताणलेल्या नळीला उष्णता लागली की ती आकसते. यातच तिची खुबी आहे. नळी आधी पाण्यात भिजवून मऊ करतात, यंत्राने तिच्यात मांसाचं मिश्रण दाबून भरतात आणि दोन्ही टोकांना धातूच्या क्लिपा मारतात. मग ती साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात किंवा वाफेत ठेवतात. मधल्या गाभ्याचं तापमान ७० च्या वर गेलं की लगेच थंड करतात. मांस थंड होऊन आक्रसतं, तसं आवरणही आक्रसतं. म्हणून सलामीला सुरकुती पडत नाही आणि आत पाणी साठत नाही. वजनही घटत नाही, आणि कारखानदाराला हे आवरण आवडतं ते मुख्यतः याच कारणाने. एक परिणाम ग्राहकाच्या लक्षात येत नाही: जे आवरण वाफ बाहेर सोडत नाही ते धूरही आत येऊ देत नाही. तेव्हा अशा नळीतल्या मांसाला धुराचा वास असेल, तर तो बहुधा मिश्रणात घातलेल्या अर्काचा असतो.

आता विरघळण्याबद्दल. या कामाचं नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळतं, पातळ पिशवीचं पॉलिइथिलीन १०५ ते ११५ च्या दरम्यान. ऐंशी अंशांच्या पाण्यात दोन्हींपैकी काहीच वितळत नाही. मात्र वितळत नाही म्हणजे अन्नात कणभरही काही उतरत नाही, असंही नव्हे. थोडं उतरतंच, आणि म्हणूनच त्यावर कायद्याने मर्यादा घातली आहे. एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार प्लास्टिकातून अन्नात उतरणारे एकूण घटक किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नयेत. बाटल्यांमुळे गाजलेलं बिस्फेनॉल-ए या प्लास्टिकांच्या घडणीत नसतं. नायलॉनमधून उतरतं ते कॅप्रोलॅक्टम, आणि त्याला युरोपीय संघाने किलोमागे १५ मिलिग्रॅमची वेगळी मर्यादा ठरवली आहे. नायलॉनचे काही छोटे तुकडेही अन्नात जातात. २०१९ मध्ये जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने त्यांचा अभ्यास करून नायलॉनचे चमचे-उलथनी ७० अंशांवरच्या अन्नात शक्य तितका कमी वेळ ठेवा, असा सल्ला दिला. म्हणजे भीतीने पाकीट फेकून देण्याचं कारण नाही, पण काळजीच करू नका असंही शास्त्र म्हणत नाही. आपल्या हातातली गोष्ट सोपी आहे: आवरणासकट सलामी तव्यावर टाकायची नाही. तव्यावरचं तेल सहज १८० अंशांच्या वर जातं, आणि ही नळी त्यासाठी केलेली नाही.

गैरसमज: मग घरी क्लिंग रॅपमध्ये किंवा पन्नीत शिजवायला काय हरकत आहे?

हा गैरसमज मोबाइलवरच्या पाककृतींनी घरोघरी नेला आहे. चिकनचा खिमा, लसूण, मिरी आणि अंड्याचा पांढरा भाग मिक्सरमधून काढायचा, क्लिंग रॅपवर लांबट पसरायचा, गुंडाळी करून दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी पिळायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. व्हिडिओत सॉसेज छान गोल निघतं. पण रॅप कशाचा आहे, हे कोणी सांगत नाही.

काही क्लिंग रॅप पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात मऊ करणारी रसायनं मिसळतात, आणि ती चरबीत सहज उतरतात. खिम्यात चरबी आहे, पाणी उकळतं आहे, रॅप अंगाला घट्ट चिकटला आहे, वीस मिनिटं आच चालू आहे. रसायन उतरायला याहून सोयीची स्थिती नाही. दुसरे रॅप पॉलिइथिलीनचे. त्यांत ही रसायनं लागत नाहीत, पण उकळतं पाणी त्यांच्या सहनशक्तीच्या अगदी जवळ असतं, आणि पातेल्याचं बूड पाण्याहून तापलेलं असतं. गुंडाळी तळाला टेकली की रॅप सैल पडतो, कधी मांसाला चिकटूनच निघतो.

कुकरची गोष्ट तर स्पष्टच सांगायला हवी. शिट्टी होते तेव्हा आत सुमारे १२० अंश तापमान असतं आणि साध्या पन्नीचं प्लास्टिक त्याच्या आधीच वितळतं. किराण्याची, भाजीची, चिकनच्या दुकानातली कुठलीही पन्नी कुकरमध्ये टाकू नका, भले ती किती का जाड असेना. दूध-दह्याची रिकामी पिशवीसुद्धा नको. ती थंड दुधासाठी असते. आच सोसणाऱ्या पिशव्या वेगळ्या मिळतात, त्यांच्यावर कमाल तापमान छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर ती आचेसाठी नाही, असंच धरावं.

आणि गोंदियात प्लास्टिकवाचून अडणार तरी कशाला? खिम्याची गुंडाळी केळीच्या पानात किंवा ओल्या मलमलच्या फडक्यात करून दोऱ्याने बांधा आणि मोदकपात्रात वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. आपल्याकडे पत्रावळीसाठी जी पळसाची पानं वापरतात, तीही स्वच्छ धुऊन, दोन-तीन एकावर एक ठेवून चालतात. कारखान्यातल्याइतकं गुळगुळीत सॉसेज निघणार नाही, थोडा रसही खाली उतरेल. तो रस्सा फेकू नका. गुंडाळी जाड असेल तर ती कापून मधला भाग गुलाबी राहिला नाही ना, एवढं बघा.

गैरसमज: हवाबंद आहे, म्हणजे बाहेर ठेवलं तरी खराब होत नाही.

सगळ्यांत धोक्याचा समज हाच. प्राणवायू अडवला की बुरशी थांबते आणि चरबी खवट होत नाही, हे खरं. पण काही जंतूंना प्राणवायू नसलेलीच जागा लागते. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचं बारकाईने वर्णन केलं: डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गिळता न येणं, शेवटी श्वास थांबणं. त्यामागचा क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू १८९७ मध्ये एमिल व्हान एरमेंगेम या बेल्जियन शास्त्रज्ञाने जाहीर केला. या जंतूची बीजं ७५-८० अंशांत मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली १२१ अंश लागतात. म्हणून अशा मांसात मीठ आणि नायट्राइट घालतात आणि म्हणूनच ते थंड ठेवावं लागतं. कपाटात टिकणारी 'रेडी टू ईट' पाकिटं वेगळी असतात. ती दाबाखाली त्या तापमानाला शिजवलेली असतात. दोन्ही दिसायला सारखी चकचकीत, आणि घोटाळा तिथेच होतो.

दुसरा जंतू लिस्टेरिया. हा फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याची जी साथ आली, तीत १,०००हून अधिक लोक आजारी पडले आणि २००हून अधिक दगावले. उगम सापडला तो पोलोनी नावाच्या, प्लास्टिकच्या आवरणात विकल्या जाणाऱ्या, स्वस्त आणि लोकप्रिय मांसाच्या नळीत. बंद नळीत शिजल्यावर बाहेरचे जंतू सहसा आत जात नाहीत. पण नळी उघडून चकत्या केल्या, पुन्हा बांधल्या, की सुरी, पाट आणि हात यांच्यावर सगळं अवलंबून राहतं. गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला किंवा आजाऱ्याला सलामी द्यायचीच तर वाफा येईपर्यंत गरम करून द्यावी.

आता आपला उन्हाळा बघा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, आणि वादळ आलं की लाइन जाते. दार न उघडलेला फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, त्यानंतर भरवसा धरू नये. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या गावी न्यायचं असेल तर बर्फाच्या डब्यातूनच न्या. नळी फुगलेली असेल, आत पाणी सुटलं असेल, क्लिपेजवळ चिकट असेल, तर चव घेऊन तपासत बसू नका.

गैरसमज: कंपनीचं प्लास्टिक वाईट, दुकानातली पन्नी साधी.

खरं तर उलट आहे. ताजं चिकन ज्या काळ्या-निळ्या पातळ पन्नीत मिळतं, ती अनेकदा भंगारातून आलेल्या, पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकची असते. तिच्यात आधी काय होतं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. अशा हलक्या पिशव्यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे. घरून स्टीलचा डबा न्या. वर्तमानपत्रात बांधून तर घेऊच नका, खाद्यपदार्थ त्यात बांधायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली आहे.

गैरसमज: आवरण सुरक्षित, म्हणजे आतलं रोज खाल्लं तरी चालतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. हा दोष प्लास्टिकचा नाही. तो मांस टिकवण्याच्या प्रक्रियेशी जोडलेला आहे. रोजच्या डब्यात सलामी देणाऱ्या घरांनी आवरणापेक्षा या आकड्याचा विचार आधी करावा.

गैरसमज: तळाशी ७ आकडा आहे, म्हणजे घातक. शिवाय बहुस्तरीय म्हणजे बंदी असलेलं.

त्रिकोणातला ७ म्हणजे 'इतर', म्हणजे पहिल्या सहा जातींत न बसणारं प्लास्टिक. नायलॉन त्यात येतं आणि थर मिसळलेली पाकिटंही. तो विषाचा इशारा नाही. कायद्याचंही तसंच. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टिकसोबत कागद किंवा अ‍ॅल्युमिनियमसारखा वेगळा थर असलेलं पॅकेजिंग तिसऱ्या वर्गात आहे. सगळे थर प्लास्टिकचेच असतील तर ते दुसऱ्या वर्गात, आणि ही नळी तिथे बसते. तिच्यावर बंदी नाही, पण तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

मात्र पुनर्वापराच्या बाबतीत लोकांची तक्रार खरी आहे. नायलॉन आणि पॉलिइथिलीन वेगळं करणं अवघड, एकत्र वितळवलं तर धड काही बनत नाही, त्यामुळे भंगारवाला ही नळी घेत नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळणं हा नियमांनी मान्य केलेला मार्ग आहे. तिथे तापमान १,४०० अंशांच्या घरात असतं. घरची चूल पेटवायला पन्नी टाकण्याची सवय गावोगावी आहे, पण ही नळी चुलीत अजिबात टाकू नका. नायलॉनमध्ये नायट्रोजन असतो आणि मंद आचेवर ते जळताना हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या तोंडावरच तो येतो. मांसाच्या वासाने कुत्री ही नळी गिळतात, म्हणून उकिरड्यावरही ती तशीच टाकू नये. साबणाच्या पाण्याने खंगाळून, वाळवून ती सुक्या कचऱ्यात घंटागाडीला द्यावी.