वळिवाच्या वादळात उभ्या कॅराव्हॅनचे संरक्षण

वळीव हा मॉन्सूनपूर्व काळात, मुख्यतः एप्रिल व मे महिन्यांत, मेघगर्जनेसह येणारा पाऊस होय. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळी परिसरासह मराठवाड्यात उन्हाळ्यात वाहने झाडाच्या सावलीत उभी केली जातात; मात्र वळिवाच्या वादळात तीच जागा धोक्याची ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. अशा वाहनांत माणसे मुक्काम करत असल्याने फांदी कोसळल्यास जीवितहानीही संभवते.

कारणे
गडगडाटी ढगातून वेगाने उतरणारी थंड हवा जमिनीवर सर्व दिशांना पसरते. त्यामुळे सोसाट्याचा वारा बहुधा पावसाच्या आधीच येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास त्याचा दाब चौपट होतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. इतर झाडांतही वाळलेल्या फांद्या, पोकळ खोड किंवा खोदकामात तुटलेली मुळे धोकादायक असतात.

उपाय
दुपारनंतर उंच ढग दाटू लागताच वाहन झाडाच्या उंचीपेक्षा अधिक अंतरावर, विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागी न्यावे. बाहेरील छत गुंडाळून खिडक्या बंद कराव्यात. वादळ सुरू झाल्यावर झाडाखाली जाऊ नये. विजेचा इशारा पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘दामिनी’ ॲपवर मिळतो.

विमा
मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार अनिवार्य असलेल्या तृतीय पक्ष विम्यात स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून मिळत नाही. वादळाने झालेल्या हानीसाठी सर्वसमावेशक विमा आवश्यक असतो.