वटवाघूळ दूरचं, उंदीर जवळचा

उंबरमाळीहून एका वाचकाने विचारलं आहे: आमच्याकडे वानर आहेत, लाल तोंडाची माकडं आहेत, संध्याकाळी वटवाघळं निघतात, उंदीर-घुशी तर घरोघरी. माकडांशी आपलं नातं शाळेत शिकलो. पण माकडांच्या पलीकडे आपल्याला सगळ्यांत जवळचं कोण? प्रश्न मोलाचा आहे. विज्ञानाने त्याचं उत्तर अनेकदा बदललं आहे आणि त्याचा एक धागा अजूनही सुटलेला नाही.

लिनियसने १७५८ मध्ये प्रायमेट गण मांडला, तेव्हा माणूस, माकडं आणि लेमूर यांच्या पंक्तीला त्याने वटवाघळांनाही बसवलं. छातीवर दोन स्तन आणि वरच्या जबड्यात पुढचे चार दात, ही त्याची कसोटी. वटवाघळं पुढे त्या गणातून बाहेर गेली, पण नात्याचा संशय राहिलाच. १९१० मध्ये विल्यम ग्रेगरी यांनी प्रायमेट, वटवाघळं, आग्नेय आशियातला तरंगत जाणारा कोलुगो आणि खारीसारखा दिसणारा ट्री-श्रू यांची एकत्र मोट बांधली.

मग १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॅक पेटिग्रू यांनी खळबळ उडवली. डोळ्यांपासून मध्यमेंदूपर्यंत जाणाऱ्या चेतातंतूंची प्रायमेटांमध्ये एक खास मांडणी असते. तीच त्यांना फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांमध्ये सापडली. म्हणून ही वटवाघळं म्हणजे उडणारे प्रायमेटच, आणि लहान वटवाघळांमध्ये उड्डाण वेगळं उत्क्रांत झालं, असं त्यांनी सुचवलं. कल्पना देखणी होती, निरीक्षणही कसून केलेलं होतं. पण साक्ष एकाच अवयवाची होती.

निकाल डीएनएने दिला. तो कसा दिला, हे मराठी वाचकाला पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या कामावरून छान कळेल. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या आणि त्यांची घराणी लावली. दोन पोथ्यांचं वळणदार अक्षर सारखं असलं म्हणून त्या एका घराण्याच्या ठरत नाहीत. वळण कुणीही गिरवू शकतो. पण दोन्हींत नेमक्या त्याच जागी तीच ओळ गळलेली असेल, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याची शक्यता फार मोठी. जनुकांतही अशी अक्षरं गळतात, मध्येच नवी घुसतात आणि ती चूक वंशजांकडे जाते. शरीराची ठेवण म्हणजे वळण; गळलेली अक्षरं म्हणजे वंशाचा पुरावा.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांनी सस्तन प्राण्यांचा वंशवृक्ष नव्याने मांडला. वटवाघळं गेली घोडा, गाय, कुत्रा, मांजर यांच्या शाखेत. आपल्या शाखेत आले कोलुगो, ट्री-श्रू, ससे आणि उंदीर-खारी. या दोन शाखा डायनासोरांच्या काळातच, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी, वेगळ्या झाल्या असाव्यात. म्हणजे मुरबाडच्या वर भीमाशंकरच्या झाडीत घरटं बांधणारं शेकरू आपल्याला वटवाघळापेक्षा जवळचं, गोठ्यातल्या गायीपेक्षाही जवळचं. २००७ मध्ये यान यानेच्का आणि सहकाऱ्यांनी अशाच गळलेल्या-घुसलेल्या अक्षरांचा माग काढून कोलुगोला प्रायमेटांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक ठरवलं. २०१६ मध्ये कोलुगोच्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला.

सुटलेला धागा आहे ट्री-श्रूचा. काही विश्लेषणं त्याला कोलुगो-प्रायमेटांच्या बाजूला ठेवतात, काही उंदीर-सशांच्या. तरीही तो माकडाला स्वस्त पर्याय आहे, असा प्रचार प्रयोगशाळांच्या जगात जोरात चालतो. हेपेटायटिस बी हा विषाणू ट्री-श्रूच्या यकृतपेशींत शिरतो, उंदराच्या शिरत नाही, हे खरं. २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी त्या पेशी वापरूनच विषाणूचं प्रवेशद्वार असलेलं प्रथिन शोधलं, आणि तो शोध फार मोठा आहे. पण त्यातून नातं सिद्ध होत नाही. कुलूप उघडतं की नाही, हे एका प्रथिनाच्या मोजक्या दुव्यांवर ठरतं. वंश ठरवायला अख्खी पोथी वाचावी लागते. पेटिग्रूंच्या डोळ्याने शिकवलेला धडा यकृतासाठी विसरून चालणार नाही.

भारतीय ट्री-श्रूच्या नावात वॉल्टर एलियट यांचं नाव आहे, आणि या माणसाची आपल्याकडे फारशी आठवण निघत नाही. कंपनी सरकारचा हा अधिकारी १८२४ च्या कित्तूरच्या उठावात कैद झाला, सुटला आणि पुढे धारवाडला राहून उंदीर, घुशी, वटवाघळं निरखत बसला. त्याने तयार केलेली दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये छापली गेली. ट्री-श्रूचं एलियटच्या नावाने शास्त्रीय वर्णन वॉटरहाउस यांनी दशकभराने केलं.

हा प्राणी सातपुड्यातही राहतो. लोक त्याला खार समजून पुढे जातात. सातपुड्यात भटकणाऱ्या वाचकांना म्हणून विनंती: जमिनीवर किडे शोधणारी 'खार' दिसली, तर तोंड लांब, निमुळतं आहे का आणि खांद्यावर फिकट तिरपा पट्टा आहे का, ते पाहा. दोन्ही असतील तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि ही नोंद वन विभागाला कळवा.