सन १७८१ : उशिरा कळलेलं वर्ष

लेखमाला : तिसऱ्या जॉर्जचं ब्रिटन

मागच्या आठवड्यात आपण जून १७८० मधलं जळतं लंडन पाहिलं. कॅथलिकांना दिलेल्या सवलती मागे घ्या, या मागणीसाठी लॉर्ड जॉर्ज गॉर्डननं मोर्चा काढला आणि पुढचे काही दिवस शहर दंगेखोरांच्या हाती गेलं. त्या प्रकरणाचा निकाल १७८१ च्या फेब्रुवारीत लागला. गॉर्डनवर राजद्रोहाचा आरोप होता आणि न्यायासनावर लॉर्ड मॅन्सफिल्ड होते. त्यांचं ब्लूम्सबरी स्क्वेअरमधलं घर आणि आयुष्यभर जमवलेली पुस्तकं याच दंग्यात खाक झाली होती. गॉर्डनच्या बाजूनं टॉमस अर्स्किन हा तरुण वकील उभा राहिला. राजाविरुद्ध लढाई पुकारण्याचा हेतूच नव्हता, मग राजद्रोह कसला, हा त्याचा युक्तिवाद ज्युरीनं मान्य केला. ज्याचं घर जळलं त्याच न्यायाधीशासमोरून आरोपी मोकळा होऊन बाहेर पडला. त्या काळच्या ब्रिटनमध्ये मनापासून कौतुक करावं अशा ज्या गोष्टी आहेत, त्यांत मी हा निकाल धरतो.

हा खटला लंडनमध्येच चालला, म्हणून त्याचा निकाल लंडनला त्याच दिवशी कळला. त्या वर्षातल्या बहुतेक मोठ्या गोष्टी मात्र घडल्या एका दिवशी आणि कळल्या भलत्याच दिवशी. ब्रिस्टलचं टपाल लंडनला पोचायला दीड दिवस लागे. अमेरिकेची बातमी यायला पाच-सहा आठवडे जात, आणि हिंदुस्थानची यायला सहा महिने किंवा त्याहूनही जास्त. तारखांच्या क्रमानं लिहिलेला इतिहास वाचताना आपल्याला जे वर्ष दिसतं, ते त्या वर्षात जगणाऱ्या माणसाला दिसलेलंच नव्हतं. म्हणून १७८१ समजून घ्यायचं, तर प्रत्येक घटनेला दोन तारखा लावाव्या लागतात.

वर्षाची सुरुवात आशादायक होती. १ जानेवारीला श्रॉपशरमधल्या सेव्हर्न नदीवरचा ओतीव लोखंडाचा पूल रहदारीला खुला झाला. लोखंडाचा एवढा मोठा पूल जगात त्याआधी कुणी बांधला नव्हता. तो बांधला तिसऱ्या अब्राहम डार्बीनं, आणि त्याच्या एकाच कमानीचा पल्ला तीस मीटरच्या आसपास आहे. टोलनाक्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं, की सैनिक असो वा राजघराण्यातलं कुणी, टोल सर्वांना भरावा लागेल. पाचच दिवसांनी, ६ जानेवारीला, फ्रेंच फौज जर्सी बेटावर उतरली. गव्हर्नर पकडला गेला आणि त्यानं शरणागतीवर सही करून टाकली. चोविशीतल्या मेजर पीअर्सननं तो हुकूम मानला नाही. सेंट हेलियरच्या बाजारचौकात लढाई झाली, तीत पीअर्सन पडला आणि फ्रेंच सेनापतीही. बेट मात्र ब्रिटनकडेच राहिलं.

उशिरा पोचणाऱ्या बातमीचा सर्वांत क्रूर उपयोग फेब्रुवारीत झाला. डिसेंबर १७८० मध्ये ब्रिटननं हॉलंडविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. कॅरिबियन समुद्रातलं सेंट युस्टेशियस हे चिमुकलं डच बेट व्यापारावर गबर झालेलं होतं, आणि अमेरिकन बंडखोरांना दारूगोळा तिथूनच मिळे. ३ फेब्रुवारीला अॅडमिरल रॉडनीचं आरमार समोर येऊन उभं राहिलं, तेव्हा आपला देश युद्धात आहे हे बेटावरच्या लोकांना ठाऊकच नव्हतं. बेट प्रतिकाराविना पडलं. त्यानंतरही रॉडनीनं डच निशाण उतरवलं नाही. बातमी न पोचलेली जहाजं ते निशाण पाहून बंदरात येत राहिली आणि एकामागून एक जप्त होत गेली. तिथल्या ज्यू व्यापाऱ्यांना त्यानं लुबाडलं, त्यांच्यातल्या पुरुषांना बायकामुलांपासून तोडून हद्दपार केलं. लुटीचा बराचसा माल घेऊन मायदेशी निघालेला तांडा मे महिन्यात फ्रेंचांनी वाटेत गाठला आणि त्यातली बरीच जहाजं पळवली. रॉडनीच्या या वागण्याचा जाब पार्लमेंटमध्ये विचारला एडमंड बर्कनं. बर्क आपल्याला याच वर्षी पुन्हा भेटणार आहे, तेही आपल्या माणसांसोबत.

त्याआधी बाथला जाऊ. गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे शहर हवापालट करणाऱ्या श्रीमंतांनी गजबजलेलं असे. तिथे विल्यम हर्शेल नावाचा, मूळ हॅनोव्हरचा संगीतकार चॅपलमध्ये ऑर्गन वाजवी, शिकवण्या करी आणि रात्री आकाश न्याहाळी. दुर्बिणीचे आरसे तो घरीच ओतायचा आणि घासायचा. एकदा घासायला घेतलेल्या आरशावरून हात उचलून चालत नसे. अशा वेळी बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. असं काम एकदा सलग सोळा तास चाललं होतं, हे तिनंच लिहून ठेवलंय. ती स्वतः गायिका होती. भावाच्या निरीक्षणांच्या नोंदी ठेवता ठेवता पुढे ती स्वतः धूमकेतू शोधणारी खगोलशास्त्रज्ञ झाली.

१३ मार्चच्या रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, न्यू किंग स्ट्रीटवरच्या घराच्या मागच्या बागेतून, सात फुटी दुर्बिणीत हर्शेलला वृषभ राशीजवळ एक वेगळी चांदणी दिसली. तारा कितीही मोठा करून पाहिला तरी तो बिंदूच राहतो. ही चांदणी भिंग बदलेल तशी मोठी होत गेली. चार रात्रींनी पाहिलं तर ती जागेवरून सरकलेली. धूमकेतू असावा असं हर्शेलला वाटलं, आणि एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याचा जो निबंध वाचला गेला तोही धूमकेतूवरचा म्हणूनच. राजज्योतिषी मॅस्केलाइनला मात्र लगेच शंका आली, की हा ग्रहही असू शकेल. पुढच्या महिन्यांत लेक्सेलसारख्या गणितींनी कक्षा मांडून पाहिली. ती धूमकेतूसारखी लांबट नव्हती, जवळजवळ वर्तुळाकार होती, आणि शनीच्या दुप्पट अंतरावर होती. माणसाला ठाऊक असलेली सूर्यमाला एका ऑर्गनवाल्याच्या परसातून दुप्पट मोठी झाली होती.

यातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. हा ग्रह हर्शेलच्या आधीही लोकांनी पाहिला होता. फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञानं १६९० मध्ये तो तारा म्हणून नोंदवून ठेवला होता आणि त्याच्या यादीत त्याला ३४ हा क्रमांकही होता. प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचला होता, अर्थ पोचायला नव्वद वर्षं लागली. हर्शेलनं राजाच्या सन्मानार्थ ग्रहाला जॉर्जचं नाव दिलं. ते ब्रिटनबाहेर चाललं नाही आणि जगानं युरेनस हे नाव उचललं. आपल्या मराठी पंचांगांत मात्र तो आजही हर्शल म्हणून छापला जातो. नोव्हेंबरात हर्शेलला रॉयल सोसायटीचं कोप्ले पदक मिळालं. त्याआधी ऑगस्टमध्ये तळघरात प्रचंड आरसा ओतण्याचा त्याचा प्रयत्न फसला होता. साचा गळला, वितळलेला धातू फरशीवर पसरला, तापलेले दगड फुटून उडाले आणि सगळ्यांना जीव घेऊन पळावं लागलं. त्यानंतरही त्यानं मोठ्या आरशांचा ध्यास सोडला नाही.

याच उन्हाळ्यात लंडनमध्ये तीन पाहुणे हालात दिवस काढत होते. राघोबादादांनी पाठवलेला हणमंतराव हा ब्राह्मण वकील, त्याच्यासोबत मणियार हा पारशी आणि त्याचा मुलगा. १७७५ च्या सुरतेच्या तहापासून राघोबादादा पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांच्या भरवशावर होते. मुंबईकर इंग्रजांचा हात आखडता झाला म्हणून आता थेट कंपनीचे संचालक आणि राजा यांच्याकडे दाद मागायची होती. परक्या राज्यातल्या दूतांना कसं वागवावं, याचं भान लंडनच्या अधिकाऱ्यांना नव्हतं. पाहुण्यांची राहण्याची धड सोय नव्हती, आणि सोवळ्यानं स्वयंपाक कुठे करायचा हा रोजचा प्रश्न होता.

बर्कनं त्यांना बीकन्सफिल्डच्या आपल्या घरी नेलं. बागेतलं काचघर मोकळं करून दिलं आणि तिथे त्यांना आपल्या रीतीप्रमाणे चूल मांडू दिली. नंतर त्यानं राघोबादादांना पत्र लिहून आपल्या देशबांधवांकडून झालेल्या हयगयीबद्दल दिलगिरीही कळवली. बर्क तेव्हा बंगालच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीवर काम करत होता. पुढे बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर त्यानं जो महाभियोग चालवला, त्याची मुळं या वर्षात आहेत. कागदपत्रांतून हिंदुस्थान वाचणाऱ्या या माणसाच्या अंगणात हिंदुस्थानातल्या माणसांनी भात शिजवला, याचा त्याच्या मनावर काहीच ठसा उमटला नसेल, हे मला पटत नाही.

पण दूत ज्या राजकारणासाठी आले होते, ते त्यांच्या पाठीमागे संपत चाललं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांचा जनरल गॉडर्ड बोरघाटातून माघारी फिरला आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी त्याला कोकणात उतरेपर्यंत झोडपलं. १३ ऑक्टोबरला महादजी शिंद्यांनी कर्नल म्यूरशी समेट केला. पुढच्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी राघोबादादांची बाजू सोडली, आणि १७८३ मध्ये कोपरगावी त्यांचा अंत झाला. समुद्र ओलांडून आलेल्या वकिलांना जातीत परत घेण्याचा प्रश्नही उभा राहिला. त्यासाठी सोन्याची योनी करवून तीतून त्यांना बाहेर काढण्यात आलं, म्हणजे नवा जन्म देण्यात आला, असं फ्रान्सिस विल्फर्ड या कंपनीच्या अधिकाऱ्यानं लिहिलंय.

महादजींच्या समेटानंतर सहाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसनं सात हजारांहून जास्त माणसांसह वॉशिंग्टन आणि फ्रेंचांपुढे शस्त्रं ठेवली. त्याच्या सुटकेसाठीचं आरमार न्यूयॉर्कहून निघालं, तेही त्याच दिवशी. लंडनला यातलं काहीच माहीत नव्हतं. २५ ऑक्टोबरला जेम्स वॉटनं वाफेच्या इंजिनातून गोल फिरणारी गती मिळवण्याच्या युक्त्यांचं पेटंट घेतलं. तोवर त्याची इंजिनं मुख्यतः खाणीतलं पाणी उपसत. आता गिरण्या फिरू शकणार होत्या. ब्रिटनचं पुढलं शतक ज्यावर उभं राहिलं तो हा कागद, आणि पेपरांच्या दृष्टीनं त्यात बातमी म्हणावी असं काही नव्हतं.

यॉर्कटाउनची बातमी २५ नोव्हेंबरला, रविवारी दुपारी, वसाहतमंत्री लॉर्ड जर्मेनच्या घरी पोचली. त्यानं दोन मंत्र्यांना सोबत घेतलं आणि भाड्याच्या बग्गीतून डाउनिंग स्ट्रीट गाठली. छातीत गोळी लागावी तसे पंतप्रधान नॉर्थ हात पसरून खोलीत येरझारा घालू लागले आणि सगळं संपलं म्हणत राहिले, असं पार्लमेंटचा सदस्य रॅक्सॉल सांगतो. राजाचं उत्तर शांत होतं. पण पत्रावर तास आणि मिनिटं घालण्याची आपली नेहमीची सवय राजा त्या दिवशी विसरला, हेही रॅक्सॉलनंच नोंदवलंय. दोनच दिवसांनी पार्लमेंट भरणार होतं आणि राजाचं भाषण घाईघाईनं बदलावं लागलं. नॉर्थ मंत्रिमंडळ कसं कोसळलं ते पुढच्या आठवड्यात पाहू. कॉर्नवॉलिसची कारकीर्द मात्र या पराभवानं संपली नाही. १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला, आणि टिपूविरुद्धच्या लढाईत मराठ्यांचा दोस्त झाला.

नॉर्थला बातमी कळली त्याच आठवड्यात कॅरिबियन समुद्रात जे घडत होतं, ते लंडनला सर्वांत उशिरा कळलं. डच युद्धात पकडलेलं एक जहाज लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी घेतलं होतं. त्याचं नाव झाँग. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ४४२ गुलाम कोंबून ते सप्टेंबरात जमैकाकडे निघालं. कप्तान कॉलिंगवुड हा मूळचा जहाजावरचा डॉक्टर. बेट ओळखण्यात चूक झाली आणि जहाज जमैका ओलांडून पुढे गेलं. रोगानं माणसं मरत होती. गुलाम आजारानं मेला तर नुकसान मालकाचं. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ समुद्रात टाकावा लागला, तर विमा भरपाई देणार, माणशी ३० पौंड. २९ नोव्हेंबरपासून तीन खेपांत एकशे तीसच्या आसपास जिवंत स्त्री-पुरुष आणि मुलं समुद्रात फेकली गेली. कारण दिलं गेलं पाणी संपत आल्याचं. शेवटच्या खेपेआधी पाऊस पडून पाणी मिळालं होतं. २२ डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं, तेव्हाही त्यावर पिण्याचं पाणी शिल्लक होतं आणि २०८ गुलाम जिवंत होते.

हे लंडनपुढे आलं मार्च १७८३ मध्ये, तेही विम्याचा दावा म्हणून. ज्युरीनं मालकांच्या बाजूनं कौल दिला. कोर्टातली हकीकत एका निनावी पत्रातून छापून आली. कधीकाळी स्वतः गुलाम असलेला ओलाउदा इक्विआनो ते पत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅन्व्हिल शार्पच्या घरी गेला. शार्पनं मे महिन्यातली सुनावणी लघुलेखकाकडून टिपून घेतली. तीत मॅन्सफिल्डनी पावसाच्या पुराव्यावरून फेरखटल्याचा आदेश दिला. पण चर्चा भरपाईचीच राहिली. ज्युरीच्या लेखी हे प्रकरण घोडे समुद्रात टाकल्यासारखंच होतं, हे मॅन्सफिल्डनीच बोलून दाखवलं. कॉलिंगवुड जमैकातच मेला होता आणि जहाजाची रोजनिशी गहाळ झाली होती. शार्पनं टिपणांच्या नकला आरमार खात्याला पाठवून खुनाचा खटला भरण्याची मागणी केली. तो कधीच भरला गेला नाही. चार वर्षांनी, २२ मे १७८७ रोजी, गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी बारा जणांची एक समिती लंडनमध्ये स्थापन झाली, आणि शार्प तिचा अध्यक्ष झाला.