फाळावरचे ओरखडे

मॅक्रो लेन्स हातात आली की माणूस फुलांकडे वळतो, नाहीतर नाकतोड्याच्या मागे लागतो. मी ती घेऊन फलटणजवळ बापूंच्या अवजारांच्या शेडात गेलो. फूल वाऱ्यानं हलतं, नाकतोडा उडून जातो. बंद ठेवलेला ट्रॅक्टर जागचा हलत नाही, आणि नव्या लेन्सची खोड ओळखायची तर समोरच्यानं निमूट बसलेलं बरं. बापूंना काही हे पटलं नाही. “एवढी महागाची काच आणलीस आन् फोटो काढतोस गंजाचा?”

लेन्स ९० मिमीची, एकास एक. म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर उमटते; फुल फ्रेम कॅमेऱ्यात ३६ बाय २४ मिमीचा तुकडा सगळी चौकट व्यापतो. रोटाव्हेटरच्या पात्याचा एक नट बसला की जागा संपली. त्यासाठी जावं लागतं अगदी जवळ. जवळात जवळ सुमारे ३० सेंमी, तेही सेन्सरपासून मोजलेलं. लेन्सच्या तोंडापुढे उरते जेमतेम अर्धी वीत. मग लेन्सचीच सावली नटावर पडते. छपराच्या कडेनं तिरपं ऊन आत येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

खरी परीक्षा घेतली ती पलटी नांगराच्या फाळानं. हंगामभर जमिनीत चालून त्याला असा तजेला येतो की चेहरा पाहून घ्यावा. ऑटोफोकस अशा ठिकाणी हात टेकतो: लेन्स पुढं जाते, मागं येते, घरघरते आणि हवं ते सोडून भलतंच धरते. ती सोय बंद करून फोकसची रिंग एका जागी ठेवायची आणि स्वतःच केसाकेसानं पुढंमागं व्हायचं, हाच मार्ग. कारण एकास एकला, एफ २.८ वर स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. श्वास घेतला तरी तो हातचा जातो. एफ ११ वर तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो, पण उजेड आटतो. त्यात एकास एकला लेन्स मुळातच दोन स्टॉप प्रकाश खाते. एफ २२ कडे गेलं तर विवर्तनानं सगळंच मऊ पडतं. म्हणून तिवई, आणि चकाकी मारायला फाळावर आडवं धरलेलं बापूंचं जुनं धोतर.

तेव्हा कुठे ओरखडे दिसले. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटणारा फाळ ओरखड्यांनी भरलेला होता, आणि सगळ्यांची दिशा एकच, टोकाकडून मागं. मध्येच एक खोल चर तिरका गेलेला; तिथं खडा अडकून फिरला असणार. झिजलेली धार आणि तिच्यामागचा पोलादाचा रंग यांतला फरक या जवळिकीशिवाय टिपता आला नसता.

शेडामागं एक जुना लोखंडी नांगर पडून आहे, किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि लोखंडानं जमीन नासते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी हा नांगर उतरवताना त्यांची बरीच दमछाक झाली. ओतीव लोखंड ही मॅक्रोची मेजवानी आहे. त्याच्या कातडीवर वाळूच्या साच्याचा कण न् कण उमटलेला असतो, आणि उठावाच्या अक्षरांच्या खाचेत गंज राहतो तो वेगळ्याच रंगाचा, विटकरी. चमकत्या फाळापेक्षा इथं काम दहा पट सोपं.

ग्रीसच्या निपलचा फोटो मात्र मला न विचारता बापूंनी वाचला. मधली पोलादी गोळी, तिच्याभोवती मातीत मळलेलं ग्रीस आणि त्यात रुतलेलं गव्हाचं एक कुसळ. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते पाहून त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. “पुसल्याबिगर गन लावतोस व्हय रं? ही घाण बेअरिंगात जाती.” ड्रायव्हरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लेन्सला टोपण लावलं.

शेवटी यंत्र चालू असताना काही हवं होतं. चालू पीटीओजवळ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या शाफ्टजवळ, गळ्यात पट्टा लोंबणारा माणूस उभा राहू नये. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ, आणि कापडाचं टोक गुंडाळायला त्याला एक फेरा पुरतो. पट्टा काढला, लांब सरलो. लांबून ही लेन्स साध्या टेलीफोटोसारखी वागते, तिचं हे दुसरं रूप मला जास्त भावलं. १/१००० सेकंदात शाफ्ट तीनेक अंशच वळतो. फोटोत यंत्र बंदच वाटतं. १/३० ला तो जवळजवळ तिसरा हिस्सा फेरा घेतो आणि फिरणं दिसतं. मी दुसरा ठेवला. बापूंना पहिलाच हवा होता, त्यात शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचं लॉक जागेवर आहे हे स्पष्ट दिसत होतं.