गायब होणारा पेन की साधा खडू? कापडावर खूण करण्याआधी हे वाचा

शिवणकामाच्या रील्समध्ये तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. कापडावर पेनने रेघ मारली, वरून इस्त्री फिरवली की रेघ गायब! जादू वाटते, पण यामागे साधं रसायनशास्त्र आहे. ते माहीत नसेल तर महागाचा ब्लाउज पीस वाया जाऊ शकतो. तर चला, कोणतं साधन कधी वापरायचं ते पाहूया.

उष्णतेने पुसला जाणारा पेन
जपानच्या पायलट कंपनीचा फ्रिक्सन हा यातला प्रसिद्ध पेन. खरं तर तो कागदासाठी बनवलाय. त्याच्या शाईत अतिसूक्ष्म कॅप्सूल असतात. त्यांत एक रंगद्रव्य आणि त्याचा रंग खुलवणारा पदार्थ असतो. तापमान साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दोघांची जोडी तुटते आणि रेघ दिसेनाशी होते.

पण लक्षात घ्या, शाई कापडातच असते! तापमान उणे 10 ते उणे 20 अंशांपर्यंत उतरलं की रेघ परत उमटू शकते. म्हणजे पुण्यात शिवलेला ड्रेस कॅनडाच्या हिवाळ्यात तुमची कटिंग सगळ्यांना दाखवेल. गडद कापडावर कधीकधी फिकट पांढरी रेघही राहते.

पाण्याने निघणारा निळा पेन
इथे नियम उलटा. आधी इस्त्री केली तर डाग पक्का बसू शकतो. म्हणून आधी साध्या थंड पाण्याने रेघ घालवा, मगच इस्त्री. भिजवायचं नाही अशा कापडावर हा पेन नकोच.

हवेत उडणारा जांभळा पेन
याची रेघ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आपोआप जाते. दमट हवेत आणखी लवकर. आज कटिंग आणि पुढच्या रविवारी शिलाई असा प्लॅन असेल तर हा पेन विसरा.

टेलर चॉक आणि साबण
मातीचा चॉक झटकला की जातो. मेणाचा चॉक इस्त्रीखाली वितळून तेलकट डाग सोडू शकतो. धुता येणाऱ्या गडद कापडावर वापरून पातळ झालेली साबणाची वडी मस्त चालते, तीही फुकटात!

कटिंगआधी ही टेस्ट करा
त्याच कापडाच्या चिंधीवर रेघ मारा, इस्त्री करा, धुवा. उष्णतेचा पेन असेल तर चिंधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी रेघ दिसली तर तो पेन फक्त कापडाच्या उलट्या बाजूला, शिलाईच्या मार्जिनमध्येच वापरा.