कारखान्याचे मासिक आणि शेतकऱ्याचा उंबरठा

औजार विकणे निराळे आणि ते वापरणाऱ्याशी संबंध राखणे निराळे. नांगर एकदा गाडीत चढला की आपले काम संपले, असे समजणाऱ्या कारखान्याला त्याच गावात दुसरा नांगर खपविणे जड जाते. कारण पहिल्या गिऱ्हाइकाने पारावर काढलेले चार शब्द हीच तेथील खरी जाहिरात होय. हे ओळखून काही कारखान्यांनी स्वतःची नियतकालिके काढली. त्यांचा उपयोग कितपत झाला, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेतील जॉन डिअर कंपनीने १८९५ साली ‘द फरो’, म्हणजे नांगराचे ‘तास’, या नावाचे नियतकालिक सुरू केले. पुढे त्यात कंपनीचा माल मागे पडून शेतकऱ्यांचे अनुभव आणि शेतीच्या धंद्याची माहिती यांनाच मुख्य जागा मिळाली. सव्वाशे वर्षे उलटली तरी ते निघत आहे.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर करू लागले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. कारखान्याची खबर देणारे हे पत्रक वाढत जाऊन ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. त्यामुळे ज्यांनी कधी नांगराची रुमणी धरली नाही, अशा मध्यमवर्गीय घरांतही कारखान्याचे नाव पोहोचले. मराठी वाचकाचा हा लाभ मोठाच. परंतु नांगरधारकाची गरज निराळी असते.

ती गरज अशी. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर मातीचे ढेकूळ उलथे पाडतो आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हात आणतो. पण तो ओढण्यास बैलांचे बळ अधिक लागते, खोली बेताने ठेवावी लागते, आणि फाळ झिजला की बदलावा लागतो. झिजलेल्या फाळाने बैल थकतात. दोष मात्र नांगराच्या माथी येतो. अशा वेळी साखळी कोठे अडकवावी, फाळ कोठे मिळेल, एवढे सांगणारा अर्धा कागददेखील गिऱ्हाईक टिकवितो. मालकाचे छायाचित्र व उद्घाटनाचा वृत्तान्त यांनी ते होत नाही. दुर्दैवाने पुष्कळ कंपन्यांच्या पत्रकांत हेच दोन विषय फार असतात!

दुसरी एक अडचण आहे. विक्रेत्याचा सल्ला विक्रीकडे झुकतो. औषध विकणाऱ्याचे पत्रक फवारणी केव्हा करावी हे आवर्जून सांगेल. किडीचे प्रमाण आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली असल्यास फवारणी नकोच, हे क्वचितच छापील. त्या एका वाक्याअभावी शेतकऱ्याचा खर्च वाढतो, आणि मित्रकिडीही मरतात. म्हणून असे कागद वाचताना औषधाच्या वेष्टनावरील शिफारस व कृषी विद्यापीठाचा सल्ला यांच्याशी ते ताडून पाहावेत.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बाबतीत प्रश्न आणखी जवळचा आहे. २००२ च्या कायदा दुरुस्तीनंतर निघू लागलेल्या या कंपन्यांत सभासदच मालक आणि बहुधा तोच गिऱ्हाईक. तेथे भ्रमणध्वनीवर रोज शुभेच्छा धाडण्याऐवजी आज तूर कोणत्या दराने घेतली, ओलावा किती धरला, कोणाचा माल का परत केला आणि गेल्या आठवड्यातील तक्रारींचे काय झाले, एवढे चार ओळींत कळविले तरी पुरे. माल परत गेलेला सभासद हे कारण वाचून पुढच्या खेपेस तूर दोन उन्हे अधिक वाळवून आणतो. कारण न कळलेला सभासद ती तशीच व्यापाऱ्याकडे नेतो.